इंजिनातलं ‘कवच’ कुणाच्या खात्यात मांडायचं?

खतावणी
रेल्वेच्या खर्चात सिग्नल-दूरसंचाराचं प्लॅन हेड (खर्चाचं शीर्ष) ३३ आणि रोलिंग स्टॉकचं २१. कवच, म्हणजे गाड्यांची टक्कर टाळायला गरज पडली तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, सिग्नलचं काम म्हणून ३३ खाली धरलं जातं. रेल्वेने सांगितलेला ढोबळ खर्च असा: मार्ग आणि स्थानकांसाठी किलोमीटरला ५० लाख, इंजिनामागे ८० लाख. माझं मत, यातले ८० लाख २१ मध्ये जावेत.

समजा १०० किमीचा पट्टा आणि ४० इंजिनं आहेत. मार्गाचे ५० कोटी, इंजिनांचे ३२ कोटी. सगळं एकत्र करून भागलं तर किलोमीटरला ८२ लाख. हा आकडा फसवा आहे, कारण तीच इंजिनं पुढच्या १०० किमीवरही धावणार आणि तिथे खर्च ५० लाखच दिसणार. मग दोन पट्ट्यांची तुलना करायची कशी?

केबलवाला
असहमत. इंजिनातला संच एकटा काही करत नाही. स्लीपरवरचे आरएफआयडी टॅग (रेडिओलहरींनी वाचायच्या खुणा), इंजिनाखालचा रीडर, स्थानकाचा संच, रेडिओचा टॉवर, स्थानकांना जोडणारं फायबर हे सगळं जुळलं तरच चाचणी पार पडते. दोन हेड म्हणजे दोन अंदाजपत्रकं आणि दोन मंजुऱ्या. एकीकडचा पैसा आटला की टॉवर उभे आणि इंजिनं कोरी! किलोमीटरचा हिशेब बिघडतो म्हणता, तर एकाच अंदाजपत्रकात इंजिनांचं पोटशीर्ष वेगळं ठेवा आणि भागाकार फक्त मार्गाच्या खर्चाचा करा.

शेडकर
पोटशीर्षाने मंजुरीचा प्रश्न सुटेल, मालमत्तेच्या नोंदीचा नाही. इंजिन दुसऱ्या झोनला दिलं की ते इथल्या नोंदीतून उतरतं. संच मात्र जुन्या झोनच्या सिग्नल विभागाच्या नावावरच राहतो. ट्रान्सफर सर्टिफिकेटवर (इंजिन दुसऱ्या झोनकडे देतानाचा हिशेबाचा कागद) संचाचा अनुक्रमांक आणि किंमत नसेल तर पुढच्या पडताळणीत ८० लाखांची वस्तू एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त.

शिवाय संच म्हणजे एक डबा नाही. रेडिओ, मुख्य संगणक, चालकासमोरचे पडदे काढून दुसऱ्या इंजिनात लावता येतात. ब्रेक इंटरफेस, म्हणजे संच आणि ब्रेक यांना जोडणारा भाग, त्या इंजिनाच्या ब्रेकप्रणालीशी जुळवलेला असतो. तो आणि आतली वायरिंग इंजिनाबरोबरच भंगारात जाणार.

खतावणी
हे पटलं. मग पक्की जोडणी २१ मध्ये, काढता येणारं ३३ मध्ये.

केबलवाला
बोलायला सोपं. कंत्राट पुरवठा, बसवणी आणि चाचणी यांचं एकत्र, दर इंजिनामागे एकच आकडा. निविदेच्या दरपत्रकातच या ओळी वेगळ्या मागितल्या नाहीत तर बिल आल्यावर लेखा विभाग अंदाजाने फोड करणार. त्या फोडीला ऑडिटने आधार विचारला की दाखवणार काय?

ब्लॉक रजिस्टर
तुम्ही इंजिनाला धरून बसलात, खरा घोळ फायबरचा आहे. तीच केबल कवचला, कंट्रोल फोनला आणि इतर डेटालाही लागते. ४८ पैकी ६ फायबर कवचला दिले म्हणून आठवा हिस्सा लावला, असं कागदावर छान दिसतं. पण चर खणायला ६ फायबरलाही तेवढाच खर्च येतो. मी केबलची किंमत फायबरच्या प्रमाणात वाटीन आणि खोदाई, पाइप, जोडणी ज्या कामासाठी चर खणला त्याच्यावर टाकीन.

आणि ‘मटेरियल अॅट साइट’ खातं (जागेवर आलेल्या पण अजून न वापरलेल्या मालाचं) विसरू नका. केबलचा ड्रम साइटला पोचला म्हणजे केबल पडली असं नाही. काम संपताना ते खातं शून्य व्हायला हवं. नाहीतर उरलेले तुकडे कामाच्या खर्चात मुरतात. जुनी तांब्याची केबल उपसली तर तिची किंमत कामाला जमा करा. जमिनीतच सोडली तर जमा काही नाही.

शेडकर
फायबरच्या वाटणीवर सहमत. पण कवचच्या आवृत्ती ४.० चं काय? आरडीएसओने (रेल्वेची संशोधन आणि मानकं ठरवणारी संस्था) ती जुलै २०२४ मध्ये मंजूर केली. दक्षिण मध्य रेल्वेवर त्याआधीच १,४६५ किमी जुन्या आवृत्तीने झाले होते, त्यात मनमाड-मुदखेडही आहे. तिथे बदल करायचा खर्च भांडवली (नव्या मालमत्तेचा) की घसारा निधीतून (जुनी मालमत्ता बदलायला ठेवलेल्या पैशातून)?

ब्लॉक रजिस्टर
जुनं कार्ड काढून नवं घातलं तर बदली, म्हणून घसारा निधी. नुसतं सॉफ्टवेअर असेल तर महसुली, म्हणजे चालू खर्च.

केबलवाला
आणि जुन्यात नसलेला नवा रेडिओ जोडला तर? ती भर आहे, बदली नव्हे. माझ्या मते भांडवली. इथे तरी एका बिलाचे तीन तुकडे करावेच लागतील.