कासच्या पठारावर चार बाय पाच: सोनकी धरली की डोंगर सुटतो

भाता_सातारकर:
मंडळी, फिल्मची सहा शीट वाया घालवून लिहितोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या. एका शीटच्या पैशांत मिसळ खाऊन वर चहा होतो, हे घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मी शाहूपुरीत राहतो, कामाने हिशेबनीस. जुना लाकडी चार बाय पाच फील्ड कॅमेरा घेतलाय (चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मचा; पुढे लेन्स, मागे चित्र बघायची काच, मधे घड्यांचा भाता), सोबत १५० मिमीची लेन्स आणि तीन होल्डर, म्हणजे फिल्म भरायच्या चपट्या पेट्या. विकणारा म्हणाला होता, भाता नव्यासारखा आहे.

सप्टेंबरात पहाटे कासला गेलो. सोनकी नुसती पसरलेली, मधेमधे तेरडा, मागे ढगात अर्धी बुडालेली डोंगररांग. वाटेच्या कडेलाच तिकाटणं लावलं, काळं फडकं डोक्यावर घेतलं. काचेवर डोंगर खाली आणि फुलं वरून लोंबतायत. खरं सांगतो, पाच मिनिटं फोटो काढायचंच विसरलो.

मग हाल सुरू झाले. तीन हातांवरची सोनकी फोकसला घेतली की डोंगराचं लोणी होतं, डोंगर धरला की सोनकी जाते. टिल्टबद्दल वाचलं होतं म्हणून लेन्स पुढे झुकवली, डोळ्याला बरं वाटेपर्यंत, वीसेक अंश असेल. तरी दोन्ही टोकं एकदम येईनात. शेवटी वैतागून एफ ४५ केलं, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक. एफपी४ फिल्म, पिवळा फिल्टर, आभाळ भरलेलं, एक्स्पोजर जवळजवळ एक सेकंद. आता कासचा वारा एक सेकंद गप्प बसतो होय? डोंगर ठीक आला, सोनकी मात्र कुणीतरी ब्रशने फासल्यासारखी.

त्यात दोन निगेटिव्हवर कडेने काळा पट्टा आलाय. कुठे चुकतंय?

मेढ्याचा_ट्रायपॉड:
वाऱ्याशी भांडू नका राव. चाळकेवाडीला पवनचक्क्या काय हौस म्हणून उभ्या केल्यात?

तुमचा घोळ टिल्ट अंदाजाने दिल्यामुळे झालाय. वीस अंश फार होतात. साधा हिशेब आहे, तुम्ही तर हिशेबनीसच. लेन्सची फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये घ्या. लेन्स फुलांपासून किती फूट उंच आहे ते मोजा, जमिनीपासून नाही, फुलांच्या मध्यापासून. त्या फुटांना पाचाने गुणा आणि फोकल लेंथला त्याने भागा. लेन्स चार फूट उंच धरली तर तुमचं १५० भागिले वीस, म्हणजे साडेसात अंश. झालं. कॅमेरा अडीच फुटांवर आणलात तर बारा. जितकं खाली बसाल तितकं जास्त झुकवायचं.

यामागचा नियम शाइमफ्लुगचा. ऑस्ट्रियाच्या सैन्यातला कॅप्टन, फुग्यातून काढलेले फोटो सरळ करून नकाशे बनवायच्या नादात होता, १९०४ चं पेटंट आहे. फिल्मची पातळी, लेन्सची पातळी आणि फोकसची पातळी एका रेषेत मिळाल्या पाहिजेत, एवढंच. झुकवलेल्या लेन्सने फोकसची पातळी पठारावर चटईसारखी अंथरली जाते. मग एफ ४५ कशाला? तुम्हाला फक्त फुलांची उंची आणि मागचा डोंगर झाकायचाय. पाचरीच्या आकारात शार्पनेस मिळतो, जवळ अरुंद, लांब गेला की उंच. म्हणून डोंगर त्यात बसतो. जवळ एखादं झाड उभं असेल तर मात्र शेंडा जाणार. तिथे टिल्ट कमी करा किंवा जागा बदला.

आता बघा: एफ २२, म्हणजे छिद्र थोडं मोठं, आणि एफपी४ ऐवजी कमी उजेडात चालणारी एचपी५, तोच फिल्टर, तेच आभाळ. एक सेकंदाचं १/१५ होतं. तरी फुलं हलतील, पण वारा झुळकीझुळकीने येतो. केबल रिलीज (शटर दाबायची वायर) हातात धरून एकच फूल बघत बसा. ते थांबलं की दाबा.

फिल्टर मात्र काढू नका. बिनफिल्टरची सोनकी आणि तिच्याखालचं गवत जवळपास एकाच राखाडीत जातात.

जुनं_हायपो:
वरच्यांनी गणित छान सांगितलं. आमच्या वेळी स्टुडिओत एवढं गणित कुणी केलं नाही, ग्रुप फोटोला मागची रांग बाकावर उभी करायची आणि भिंगाचं छिद्र बारीक करायचं, बस्स. केरळात आलप्पुळ्याला बनलेला सागवानी वागीश्वरी कॅमेरा होता आमच्याकडे. त्याचं पितळ अजून चकाकतंय.

पट्ट्याबद्दल सांगतो. पट्टा कडेपासून सुरू होऊन आत गेला असेल तर होल्डर. डार्क स्लाइड, म्हणजे होल्डरचं सरकतं झाकण, तिरकी ओढली की एक कोपरा आधी सुटतो आणि त्या फटीतून उजेड शिरतो. सरळ ओढा, वर काळं फडकं टाका. मधेच ढगासारखा डाग असेल तर भाता. रात्री खोली अंधारी करा, भाता पूर्ण ताणा, आत टॉर्च लावा आणि घड्यांचे कोपरे बघा. चांदण्या दिसल्या की समजा.

आणि पावसाळ्यात चेंजिंग बॅगेत, त्या हात घालायच्या काळ्या पिशवीत, फिल्म भरू नका हो. हातांना घाम सुटतो, शीट बोटाला चिकटतं. रात्री बाथरूममध्ये भरा, दाराच्या फटीला टॉवेल. शीट उभं धरून कडेच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की फिल्मची मसाल्याची, म्हणजे उजेड टिपणारी बाजू तुमच्याकडे. पूर्वी भारनियमनात अख्खी पेठच डार्करूम व्हायची, ते सुख आता नाही.

भाता_सातारकर:
काका, चांदण्या नाहीत, आकाशगंगा निघाली. सात भोकं, सगळी घड्यांच्या कोपऱ्यांत. काळ्या फॅब्रिक कलरचे दोन हात दिलेत. पण पट्टे कडेचेच होते, म्हणजे दोष माझ्या हाताचा. विकणाऱ्याला शिव्या देऊन झाल्यावर कळलं.

काल पुन्हा गेलो. कोनमापक मुलीच्या कंपासपेटीतून ढापला, साडेसात अंश बघून लावले. काच निःश्वासाने दर मिनिटाला धुरकट होत होती, फडक्यात तोंड बाजूला करून श्वास सोडायची सवय अजून लागायचीय. पण पायापासली सोनकी आणि मागची रांग एकाच वेळी काचेवर उभी राहिली तेव्हा मी एकटाच मोठ्याने 'आयला' म्हणालो. वाटेवरच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. त्यांनाही फडक्यात घेऊन दाखवलं. 'उलटं का?' एवढंच म्हणाल्या.

चार शीट काढली. दोन चांगली आली, पाकळ्या मोजता येतात. एकात वाऱ्याने डाव्या कोपऱ्यातला तेरडा नेला. चौथं मात्र पूर्ण कोरं, काचेसारखं पारदर्शक. फिल्म खराब असेल का?

जुनं_हायपो:
फिल्म ठणठणीत आहे. स्लाइड ओढायलाच विसरलात. होल्डरच्या स्लाइडची पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी म्हणजे काम उरकलं. तुम्ही फोटो काढताना न ओढता नंतर सवयीने काढून फिरवून लावली असणार. लाजू नका, मी एका शाळेचा दहावीचा अख्खा ग्रुप असाच काढलाय. पोरं परत गोळा करायला हेडमास्तरांपुढे मीच उभा होतो, टोपी हातात घेऊन.