दुर्बीण आठची की दहाची?

ए-३०२: नमस्कार मंडळी. निवृत्त झालो, आता थंडीत पक्षी बघायचं मनात आहे. १० बाय ५० ची दुर्बीण घ्यावी म्हणतोय. जास्त लांबचं दिसेल ना?

बी-१०४: काका, थांबा! ८ बाय ४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी, मिमीमध्ये. १० पटीत पक्षी मोठा दिसतो तशी हाताची थरथरही मोठी होते. शिवाय ५० मिमीच्या भिंगाचं वजन गळ्यात बांधून फिरलात की मान भरून येते. ८ ची घेतलीत तर एका नजरेत जागाही जास्त मावते, उडता पक्षी पटकन सापडतो.

ए-३०२: पण चष्मा आहे मला.

बी-१०४: काढायचा नाही. डोळ्याजवळची रबरी कडी पूर्ण आत फिरवायची. घेताना ‘आय रिलीफ’, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिमीच्या वर आहे का, तेवढं विचारा.

सी-२०१: आणि पहाटे पाचला उठून घरच्यांची झोप मोडू नका हो भाऊ 😄 आमच्याकडे तेच चालतं. थंडीत ऊन वर आल्यावर किडे हलायला लागतात, मग किडे खाणारी मंडळी बाहेर पडतात. चहा घेऊन निवांत जा. नोकरदारांना हे सुख कुठे!

डी-४०४: सुरुवात कुठल्या पक्ष्यापासून करावी?

सी-२०१: धोबी. हिवाळी पाहुणा, मोकळ्या जमिनीवर तुरुतुरु चालतो, शेपटी सारखी वरखाली. तोंड पांढरं, गळ्याखाली काळा डाग असेल तर पांढरा धोबी. पाठ राखाडी आणि शेपटीच्या बुडाशी पिवळा असेल तर करडा. हे दोन वेगळे ओळखता आले की पुढचं सोपं जातं.

ए-३०२: आवाजावरूनही ओळखतात म्हणे?

बी-१०४: वयानुसार उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, काका. वटवट्याची बारीक चिकचिक निसटू शकते. मर्लिन अ‍ॅप आवाज ऐकून नाव सुचवतं. पण त्यानं सुचवलं म्हणून लगेच यादीत नको, पक्षी डोळ्यांनी दिसू दे. आणि फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ हा पक्षी मोजायचा उपक्रम असतो, १९९८ पासून. चार दिवसांत केव्हाही निदान १५ मिनिटं बघायचं आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंदवायचं. गच्चीतूनही चालतं.

सेक्रेटरी: गच्चीची किल्ली वॉचमनकडे. दुर्बीण फक्त झाडांकडे. समोरच्या बिल्डिंगकडे वळवू नये, ही विनंती.

ए-३०२: मान्य 🙏 बी-१०४, रविवारी तुमची ८ ची बघायला येतो. तोवर खरेदी थांबवतो.