एकाच बोटीत सुरमई आणि सासूबाई?

खाडीवाला_राजापूर
परवा इथे एकाने लिहिलं: "18 फुटी फायबरची बोट घ्या, वर छत, मागे 40 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन). पहाटे सुरमई, संध्याकाळी घरच्यांना फेरी." त्यावर लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

ज्या छताखाली सासूबाई बसणार त्यालाच तुमची गरी अडकणार. रॉड मागे न्यायला जागाच उरत नाही. दुपारी खारे वारे सुटले की तेच छत शिडासारखं वारा धरतं आणि बोट नांगरावर नाचते. गरवायला पहाटेची मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, लागते, घरच्यांना सूर्यास्त लागतो. नेमकी त्याच वेळी ओहोटी असली तर खाडीच्या तोंडाशी बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडतात. नवख्याने मुलांना घेऊन तिथे जायचं?

तळाचंही तेच. सपाट तळावर उभं राहून पाग (हाताने फेकायचं जाळं) टाका, पोरं इकडून तिकडे पळू देत, काही होत नाही. पण बाहेर गेलात की कंबर मोडेल. व्ही तळ लाट कापतो, पण थांबला की डुलतो, मग उलट्या. घरच्यांसाठी भाड्याची बोट, गरवायला स्वतःची छोटी उघडी. विषय संपला.

तारकर्लीचा_जावई
संपला कसा? छत घडीचं मिळतं महाराज, पहाटे दुमडा, संध्याकाळी उघडा. आम्ही कर्ली नदीतून देवबागच्या संगमापर्यंत जातो आणि मागे फिरतो. तांबोशी मिळते, पालू मिळतो, बायको-मुलं खूष. सगळ्यांनाच सुरमईचा फोटो टाकायचा नसतो.

खाडीवाला_राजापूर
खाडीतच फिरायचं तर 40 चं इंजिन कशाला? शेंगाळ्यांचा पाठलाग करायला?

दर्यावर्दी_मालवण
बोट घेतलंस, पण पावसात ती ठेवतलंस खय? जूनपासून नारळी पुनवेपर्यंत वर काढूक व्हयी, चार माणसां व्हयी, झाकूक ताडपत्री व्हयी. पुण्यात बसान बोट सांभाळूक येणा नाय. आणि मासे मासे काय करतास? एलईडी दिवे लावन मोठे बोटवाले रात्री सगळा ओढून नेतत, बंदी आसा ती कागदार. आमका मिळणा नाय, तुमका गरीक काय गावतला?

जुना_मिस्त्री
एलईडीचा राग मान्य, पण त्याचा वेगळा धागा काढा. इथे इंजिनावर कोणी बोलतच नाही. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं. हौशी माणसाची बोट आठवडेच्या आठवडे उभी, टाकी अर्धी रिकामी. पाणी तळाशी बसतं आणि नेमकं तेच आधी इंजिनात जातं.

तारकर्लीचा_जावई
आली इथेनॉलची भुतं. माझी गाडी त्याच पेट्रोलवर चालते.

जुना_मिस्त्री
गाडी बंद पडली तर खाली उतरता येतं.

खाडीवाला_राजापूर
म्हणून म्हणतो, आत बसवलेलं डिझेल इंजिन घ्या. वास येतो, आवाज येतो, पण दगा देत नाही.

जुना_मिस्त्री
आणि ओहोटीला वाळूच्या दांड्यावर चढलात की? आउटबोर्ड वर उचलता येतं. तुमच्या डिझेलचा बोट ढकलणारा पंखा तळाखाली, तो वाळूत रुतणार. मग भरतीची वाट बघत बसा, डबा खात. आउटबोर्डच घ्या, फक्त पाण्याचा थर गाळणारा फिल्टर लावा, बोट उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरा आणि घरी आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवा. तो तळाचा वाद नंतर घाला.

तारकर्लीचा_जावई
फिल्टर आहे. बाकीचा उपदेश दुसऱ्यांना द्या.

सुरंगी
'घरचे' म्हणजे बर्फाची पेटी असल्यासारखं चाललंय सगळं. मी नवऱ्यापेक्षा जास्त गरवते, हे आधी नोंदवून घ्या. आणि 'भाड्याची बोट' म्हणणाऱ्यांनी ऐका. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला आमच्या भाड्याच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. वल्हं एकच, तेही तुटकं. माझ्या पाच वर्षांच्या मुलाला दिलेलं जाकीट इतकं मोठं की हात वर केले तर तो खालून निसटला असता. दुसऱ्या होडीने ओढत आणलं. त्यानंतर आम्ही स्वतःची घेतली, 16 फुटी. मुलांच्या मापाची जाकिटं, पाण्यातून वर चढायला शिडी, नाकाडाला, म्हणजे पुढच्या टोकाला, पडद्याचा आडोसा. तो कशासाठी ते तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही, कारण तुम्हाला बोटीची कड पुरते.

खाडीवाला_राजापूर
बरं बाई. भाड्याच्या बोटीचं म्हणणं मागे घेतो. छताचं घेत नाही.

सुरंगी
छत नाहीच आमच्याकडे. टोप्या घालतो.

खाडीवाला_राजापूर
म्हणजे उघडी बोट! मी पहिल्यापासून तेच ओरडतोय!

तारकर्लीचा_जावई
दोघांचं जमलं वाटतं. मिस्त्री, एक विचारायचं होतं. आमचं इंजिन दमलंय, 15 इंची शाफ्टचं (खाली पंख्याकडे जाणारा दांडा) जुनं स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

जुना_मिस्त्री
मागची फळी किती उंच?

तारकर्लीचा_जावई
20 इंच.

जुना_मिस्त्री
मग पंखा वरच राहील, पाण्याऐवजी हवा कापेल. फळी कापून खाली घ्याल तर मागून लाट आत येईल. लाँग शाफ्टच बघा. आणि हा उपदेश नाही, तुम्ही विचारलंत.