‘शांतता!’मधली दहा सेकंदं : बेणारे खरंच बोलते का?

माडाखालचा

गेल्या शनिवारी आमच्या तालुक्याच्या गावात एका हौशी मंडळाने तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ केलं. परतताना एसटीत जे भांडण जुंपलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून इथे आणतोय.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईची नाटकमंडळी एका खेड्यात येते. रात्री अभिरूप न्यायालयाचा प्रयोग, आरोपी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन, गुन्हा अण्वस्त्रांचा. गावातल्या सामंताला ऐन वेळी उभं करायचंय, म्हणून सरावासाठी एक खोटा खटला भरवतात. आरोपी त्यांच्यातलीच शिक्षिका लीला बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता तिचं खरं आयुष्य चव्हाट्यावर येतं. प्राध्यापक दामलेंपासून तिला दिवस गेलेत, आणि दामले त्या दिवशी आलेलेच नाहीत.

शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर घड्याळ पुढे धरून तिला दहा सेकंद देतात. मग तिचं ते लांबलचक स्वगत, आणि संहितेप्रमाणे तेवढा वेळ बाकीचे सगळे जागच्या जागी गोठलेले. ते संपल्यावर काशीकर जाहीर करतात की आरोपीला काही सांगायचं नाही.

आमच्या मंडळाने स्वगत सगळ्यांना ऐकायला लावलं. मंडळीतला पोंक्षे मान खाली घालतो, काशीकरबाई पदर डोळ्यांना लावतात. आणि त्यानंतर काशीकरांचं ते वाक्य आलं तेव्हा मागच्या रांगा चक्क हसल्या.

माझं म्हणणं एवढंच की बेणारे बोललेलीच नाही. त्या खोलीत दहा सेकंद कोणी काही बोललं नाही. तिचं सत्य फक्त आपल्याला ऐकू आलं, आणि आपण तिथे नव्हतो. हे पुसलं की उरतो नुसता रडका प्रवेश.

रंगपट

साफ नामंजूर. संहिता म्हणजे पंचांग नव्हे, मुहूर्त चुकला की लग्न मोडलं असं म्हणायला. १९६७ साली पहिला प्रयोग झाला तेव्हा ‘बाकीचे गोठले’ ही युक्ती ताजी असेल. आज प्रेक्षक ती बघून म्हणतो, हां, मनातलं चाललंय, आणि मोकळा होतो.

सगळ्यांनी ऐकलं, तरीही ‘काही सांगायचं नाही’ अशी नोंद झाली, हे जास्त भयंकर नाही का? आपल्या वाडीत काय होतं? कोणाच्या घरात काय शिजतंय हे पाणंदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ठाऊक असतं, आणि विचाराल तर कोणीच काही ऐकलेलं नसतं. मागच्या रांगा हसल्या म्हणता, त्या कशाने हसल्या ते विचारलंत का? मला तरी ते हसू ओळखीचं वाटतं.

निवृत्त शिरस्तेदार

नाटकातलं मला फारसं कळत नाही, पण कोकणातल्या कोर्टात उभा जन्म गेला. एका कलमाच्या सामायिक आंब्यावरून तिसरी पिढी तारखा घेताना पाहिली आहे. म्हणून दोन गोष्टी खटकल्या त्या सांगतो.

काशीकर आरोप ठेवतात तो भा.दं.वि. ३०२ खाली. ३०२ म्हणजे खून. गर्भपाताला ३१२ होतं. आधी वाटलं, लेखकाची चूक. मग ध्यानात आलं की साक्षीदार शपथ घेतो तीही ऑक्सफर्डच्या डिक्शनरीवर हात ठेवून. म्हणजे कलम खोटं, ग्रंथ खोटा, वकील सुखात्मे तर अशील नसलेले.

दुसरी गोष्ट मोठी. निकाल काय, तर पोटातला गर्भ नष्ट करावा. गर्भपाताचा कायदा आला १९७१ मध्ये. त्याआधी आईचा जीव वाचवण्याखेरीज असं करणं हाच गुन्हा. ज्या कृत्याबद्दल बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तेच कृत्य शिक्षा म्हणून फर्मावलं. खऱ्या कोर्टात पुष्कळ चमत्कारिक निकाल वाचले, असा नाही वाचला.

स्वगताबद्दल म्हणाल तर जे रेकॉर्डवर नाही ते घडलेलं नाही. माझं मत माडाखालचा यांना.

माडाखालचा

शिरस्तेदारकाका, ३०२ माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता यात सामंताची साक्ष धरा. तो बिचारा हातातल्या कादंबरीतून उतारे घेऊन साक्ष रचतो, दामल्यांच्या खोलीतून बाईच्या रडण्याचा आवाज आला वगैरे. त्या साक्षीत अक्षर खरं नाही, आणि नेमकी तीच बेणारेला जाऊन लागते. पोंक्षे मात्र खरं सांगतो, तिच्या पर्समधल्या टिक-ट्वेंटीच्या, म्हणजे ढेकणाच्या औषधाच्या, बाटलीसकट, आणि ते नुसती चहाडी वाटतं.

गाबीत

रे बाबांनो, माका एक समाजना नाय. आमच्या जत्रेत दशावतार होता. लिवलेला काय नाय, राजा आणि राक्षस उभ्या उभ्या बोलतत. रातचो राक्षस झालेलो मेस्त्री सकाळी आमच्या घराचा दार बसवूक येता. राती त्येका कोणी मेस्त्री म्हणूक नाय, सकाळी कोणी राक्षस म्हणूक नाय. अडाणी लोकांका खेळ खय संपता ता कळता. ह्या शिकलेल्या मुंबयकरांका कसा कळूक नाय?

रंगपट

गाबीतभाऊ, त्यांना बरोबर कळतं. ‘अहो, खेळच तर आहे’ असं ते सारखं म्हणतात ना, ते त्यासाठीच. ‘वस्त्रहरण’मध्येही नाटकात नाटक आहे, पण तिथे वेष गळून पडला की खालचा भाबडा गाववाला दिसतो आणि आपण हसतो. इथे वेषाच्या आड जे लपून होतं तेच वेष चढवल्यावर बाहेर येतं. (अवांतर: सामंत आपल्याकडचाच वाटतो. दाराची कडी नीट न सरकवल्यास दार बाहेरून अडकतं हे पाहुण्यांना आधीच बजावतो, तेवढी आस्था बाकी कोणाला नाही.)

आणि काका, रेकॉर्डवर नाही ते घडलंच नाही असं म्हणालात, तर काशीकर वेगळं काय म्हणतात?

चौथी ब

मी बेणारे केली आहे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी, बरीच वर्षं झाली. शाळेत शिकवते, गाव सांगत नाही.

आमच्या दिग्दर्शकाने बाकीच्यांना गोठवलं होतं. तालमीत ठीक होतं. प्रयोगात मात्र बोलता बोलता माझी नजर काशीकर झालेल्या गृहस्थांवर गेली. ते हलत नव्हते, पण ऐकत होते. ऐकणारच, कान थोडेच गोठतात. तेव्हा तुमच्या वादात कोण बरोबर ते मला ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळे ‘छान झालं’ म्हणाले. मधल्या सुट्टीत एका वयस्क बाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “तू एवढी रडलीस, ते सगळं नाटकातलंच ना गं?”

मी ‘हो’ म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग वर्षभर त्यांनी माझ्याशी फार जपून, फार गोड बोलणं ठेवलं.

माडाखालचा

बाई, एकच विचारतो. ‘हो’ म्हणायला तुम्हाला किती वेळ लागला?

चौथी ब

घड्याळ नव्हतं हातात.