मदत हवी आहे: सशीण पिल्लांजवळ बसतच नाही, दूध पाजते की नाही कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. फैजपूरहून लिहितेय. लेकीच्या हट्टापायी पांढऱ्या सशांची जोडी आणली होती. विकणाऱ्याने दोन्ही माद्या सांगून दिल्या, त्यातला एक नर निघाला. परवा पहाटे मादी व्याली. आदल्या दिवशी तोंडात गवत धरून फिरत होती, पोटाचे केस उपटत होती, आम्हाला वाटलं खरूज झाली! सात पिल्लं होती, एक मेलेलं निघालं ते काढून टाकलं. बाकीची सहा तिच्या केसांच्या गादीत पडून आहेत, उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली.

अडचण अशी की ही बया दिवसभर दुसऱ्या कोपऱ्यात पाय पसरून बसते. पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाही. पाजताना एकदाही दिसली नाही. शेजारच्या काकू म्हणतात गाईचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजा. सासूबाई म्हणतात, "हात नको लावू, माय टाकी दी पिलासले." कोणाचं ऐकू? त्यात हे ऊन. भुसावळचा पारा 45 च्या आसपास, आमचा पिंजरा पत्र्याच्या शेडमध्ये आणि दुपारी लाइट जाते. कृपया कोणी ससे पाळले असतील तर लवकर सांगा.

प्रतिसाद:
ताई, घाबरू नका, तुमची मादी अगदी सशासारखीच वागतेय. ससा म्हणजे कोंबडी नव्हे, पिल्लांवर बसून राहत नाही. चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही रात्री किंवा पहाटे आणि तीन-चार मिनिटांत उरकते. रानात बिळाजवळ घुटमळलं तर शिकाऱ्याला पत्ता लागतो, म्हणून ती लांब राहते. दूध इतकं दाट की एकदा पाजून भागतं. सशिणीच्या दुधात स्निग्धांश साधारण 12 टक्के, गाईच्या दुधात चारेक. त्यामुळे काकूंचं दूध तूर्त राहू द्या. बोळ्याने पाजताना ते फुप्फुसात गेलं तर पिल्लू हातचं जातं.

सकाळी लवकर पिल्लं बघा. पोट गोल, ताणलेलं आणि पातळ कातडीतून पांढरं दूध दिसत असेल तर पाजलंय. कातडीला सुरकुत्या, पोट खपाटीला आणि हात लागताच सारखं चिरकत असेल तर उपाशी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज वजन करा (जळगाव जिल्हा असला तरी सोनाराचा काटा नको!). आठवड्याभरात जन्माच्या दुप्पट व्हायला हवं.

आणि हात लावल्याने माय टाकत नाही. घरच्यांचा वास तिच्या ओळखीचा असतो. फक्त हात स्वच्छ धुवा, तिच्या गवतावर चोळा, मग उचला. एखादं पिल्लू खोक्याबाहेर पडलं तर मात्र तुम्हीच आत ठेवा. मांजरीसारखी तोंडात धरून ती परत आणत नाही.

प्रतिसाद:
उन्हाचं मी सांगतो, धुळ्याला शेळ्यांच्या गोठ्यात ससे सांभाळलेत. पिंजरा आजच पत्र्याखालून काढा. घरातली उत्तरेकडची खोली किंवा निंबाची सावली बघा. सशाला घाम येत नाही, तो कानांवाटे उष्णता सोडतो, तिशीच्या वर पारा गेला की त्याला जड जातं. पिंजऱ्याभोवती ओलं गोणपाट, पण वारा खेळता हवा. बाटलीत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून मादीजवळ ठेवा, ती टेकून बसेल. तोंड उघडून धापा टाकायला लागली तर कान साध्या पाण्याने ओले करा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

पिल्लं एकमेकांपासून लांब पसरली असतील तर त्यांना गरम होतंय. वरचे केस थोडे काढून पिशवीत ठेवा, रात्री गार वाटलं तर परत घाला. खोकं लाकडी घ्या, पत्र्याचा डबा नको. खाली भुसा किंवा सुकं मऊ गवत. कापूस चुकूनही नको. आपल्याकडे घरोघर पडलेला असतो म्हणून लोक घालतात, पण त्याचे धागे पिल्लांच्या पायाला गुंडाळून पाय जातो. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या पिल्लांना सोडत नाहीत.

पाणी चोवीस तास हवं. व्यालेल्या मादीला पाणी कमी पडलं तर ती पिल्लं खाते, हे ऐकीव नाही. लसूणघास आणि सुकं गवत भरपूर द्या. केळी म्हणाल तर, रावेर-यावलचे लोक प्रत्येक जनावराला केळी घालतात, पण सशाला जेमतेम एक चकती.

धागाकर्ती:
खूप आभार. पिंजरा मधल्या खोलीत आणला. पहाटे दिवा न लावता बघितलं, पाच पिल्लांची पोटं टम्म आहेत. सहावं बारकं आहे आणि सुरकुतलेलं. नर काल दुपारी वेगळा केला, आता त्याला परत सोडू का? फार उदास बसलाय.

प्रतिसाद:
नको! सशीण व्याल्यावर काही तासांतच पुन्हा फळते. काल दुपारपर्यंत नर सोबत होता म्हणजे पुढचं वेत पोटात असण्याची शक्यता धरा. गाभणकाळ महिन्याचा, म्हणून आताच दुसरं खोकं करून ठेवा. ही पिल्लं तिसऱ्या आठवड्यात गवत कुरतडायला लागतील. मादी पुन्हा गाभण नसेल तर सहा ते आठ आठवडे आईजवळ राहू द्या. गाभण असेल तर नवीन वेताच्या आधी वेगळी करावी लागतील. दहा-बारा दिवसांनी जनावरांच्या डॉक्टरांना पोट चाचपायला सांगा, कळेल.

बारक्यासाठी उद्या पहाटे बाकीची पाच बाजूला ठेवा आणि मादीला खोक्यात धरून त्याला एकट्याला आधी पिऊ द्या. पिल्लू आईच्या पोटाखाली आपणहून उताणं होऊन पितं, त्याला तसंच पिऊ द्या. दोन दिवसांत वजन हललं नाही तर डॉक्टरांकडे न्या. मादीची आचळं गरम, कडक किंवा लाल-निळी दिसली आणि तिने खाणं सोडलं तर त्याच दिवशी न्या. डॉक्टर ससे फारसे बघत नसतील तर आधीच सांगा की अमॉक्सिसिलीन तोंडावाटे सशाला चालत नाही, आतडी बिघडून जीव जातो. घरात कुत्र्यासाठी आणलेलं औषध उरलं असेल तर तेही देऊ नका.