मदत हवी आहे : वाईच्या घाटांची ऑडिओ टूर – इतिहास आणि आख्यायिका आवाजात वेगळ्या कशा ठेवाव्यात?

नमस्कार.

वाईतील कृष्णाकाठचे घाट आणि तेथून साधारण तीन किलोमीटरवरील मेणवली पायी हिंडून पाहणाऱ्यांसाठी मराठीतून एक मोफत ऑडिओ टूर तयार करण्याचे काम आम्ही काही स्थानिक मंडळींनी हाती घेतले आहे. सोबत वाटाड्या नसेल. पाहुणा आपल्या सवडीने एकेका ठिकाणी थांबेल, त्या जागेची ध्वनिफीत मोबाइलवर लावेल आणि ऐकून झाले की पुढे निघेल, इतकी साधी कल्पना आहे. संहितेचा कच्चा खर्डा तयार आहे. मात्र ध्वनिमुद्रणाला बसण्यापूर्वी काही गोष्टींचा निर्णय होत नसल्याने, असे काम केलेल्या किंवा अशा टूर ऐकत फिरलेल्या सदस्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

मुख्य अडचण अशी की, वाईत पावलोपावली आख्यायिका आहेत. वाई म्हणजे महाभारतातील विराटनगरी, असे येथे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते आणि पांडवगड व वैराटगड या जवळच्या गडांची नावे त्याला पुरावा म्हणून पुढे केली जातात. दुसरीकडे, गणपती आळीच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले, ही नोंद असलेली गोष्ट आहे. सांगायचे दोन्ही आहे. छापील पुस्तकात तळटीप देऊन मोकळे होता येते. कानात बोलणारा आवाज मात्र दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगतो आणि ऐकणाराही पुढे त्या सारख्याच खात्रीने सांगू लागतो. प्रत्येक वाक्याला ‘असे मानले जाते’ अशी पुस्ती जोडावी, तर चौथ्या वाक्याला ऐकणाऱ्याला वीट येईल.

कृष्णाबाईच्या उत्सवाबाबत तर गुंता अधिकच वाढतो. अफझलखानाचा तळ वाईत होता आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी तो प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला, हा इतिहास झाला. त्या संकटाच्या काळात वाईकरांनी कृष्णामाईला नवस केला व त्यातून हा उत्सव सुरू झाला, ही परंपरेने सांगितली जाणारी हकिकत. आणि भीमकुंड आळी, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, रामडोह आळी, ब्राह्मणशाही अशा सातही घाटांवर तो आजही पाळीपाळीने साजरा होतो, हे तर कोणीही येऊन पाहावे असे आहे. ही तिन्ही सूत्रे एकाच फितीत, ऐकणाऱ्याची दिशाभूल न करता कशी ओवावीत?

दुसरा प्रश्न बदलत्या दृश्याचा आहे. ध्वनिफीत एकदाच मुद्रित होणार, पण घाट बारा महिने एकसारखा राहत नाही. पावसाळ्यात धोम धरणातून विसर्ग वाढला की पायऱ्या पाण्याखाली जातात, उत्सवात मांडव उभा राहतो, आणि ‘समोरच्या मोकळ्या पायऱ्यांवर बसा’ हे आमचे वाक्य त्या दिवसांत हास्यास्पद, प्रसंगी धोक्याचेही ठरेल. पावसाळ्यासाठी वेगळी वाट द्यावी, की पायरीवर न उतरताच ऐकता येईल अशीच सगळी ठिकाणे निवडावीत?

शिवाय, यासाठी ॲप काढणे कितपत गरजेचे आहे, हेही कळावे.

धागाकर्ता, वाई

प्रतिसाद १

एका जुन्या पेठेच्या वारसा फेरीच्या संहितेवर मी काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

इतिहास आणि आख्यायिका यांना दोन वेगळे आवाज द्यावेत. निवेदकाने केवळ नोंद असलेली आणि डोळ्यांना दिसणारी गोष्ट सांगावी. नवसाची हकिकत त्या त्या आळीतील एखाद्या जाणत्या माणसाकडून, त्याच्या नेहमीच्या बोलीत सांगून घ्यावी. ‘आमची आजी सांगायची’ असे तो म्हणाला की ऐकणाऱ्याला वेगळी सूचना द्यावी लागत नाही आणि कथेचा गोडवाही कमी होत नाही. विराटनगरीचा भाग तर ज्याला हवा त्यानेच ऐकावा अशा स्वतंत्र फितीत ठेवावा.

सालाचे म्हणाल तर, आधी नजर आणि मग साल, हा क्रम मोडू नये. ढोल्या गणपतीला येणारा बहुतेक जण समोरून दर्शन घेऊन परततो. मंदिराची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे आणि पुराचे पाणी तिच्यामुळे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते, हे त्याने पाहिलेलेच नसते. त्याला आधी बाहेरून वळसा घालून मागे न्या, निमुळत्या टोकाकडे बघू द्या, क्षणभर थांबा आणि त्यानंतर १७६२ सांगा. मेणवलीची घंटाही अशीच सांगता येईल. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर मेणेश्वराजवळ टांगलेली ही घंटा आकारावरूनच देवळातली वाटत नाही. ते ऐकणाऱ्याच्या लक्षात आले, की १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांच्या अशा घंटा मराठी मुलखातील देवळांत आल्या, हे वाक्य बरोबर जागी बसते. वाडा खासगी मालकीचा असल्याने आत प्रवेश मिळेल असे गृहीत धरू नये. घाटापुरती फीत स्वतंत्रपणे पूर्ण वाटली पाहिजे.

ठिकाणे पायऱ्यांच्या वरच निवडा. ‘पाणी पायरीवर असेल तर खाली उतरू नका’ हे वाक्य प्रत्येक घाटाच्या फितीत पहिले असावे, कारण लोक क्रमाने ऐकतातच असे नाही. देवळात इअरफोन लावून उभे राहणे बरे दिसत नाही, तेव्हा जे सांगायचे ते पादत्राणे काढण्यापूर्वीच सांगून संपवावे.

ॲपच्या भानगडीत पडू नका. अर्ध्या दिवसाच्या फिरण्यासाठी कोणी ॲप उतरवून घेत नाही. एक साधे पान, त्यावर उतरवून घेता येतील अशा दोन-तीन मिनिटांच्या फिती आणि खाली प्रत्येकीची लिखित संहिता इतके पुरे आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांची त्या संहितेने सोय होते. क्यूआर कोड दगडी बांधकामावर चिकटवू नका. चहाच्या किंवा पूजा साहित्याच्या दुकानात लावा, दुकानदार आनंदाने परवानगी देतात.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. दोन आवाजांची सूचना सर्वांनाच पटली असून त्यानुसार खर्डा नव्याने लिहीत आहोत. गंगापुरीच्या फितीत बहुधा दुसऱ्या आवाजाची फारशी गरज पडणार नाही, कारण तेथे मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यापासूनचा तो सगळा इतिहास लेखी उपलब्ध आहे. पंचाईत उरते ती रामडोह आळी आणि ब्राह्मणशाही येथील उत्सवाच्या जुन्या आठवणींची. या आळ्यांत लहानपण गेलेले आणि आता पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेले कोणी वाईकर येथे असतील, तर त्यांनी आपल्या आवाजात आठवण मुद्रित करून देण्याची तयारी असल्यास व्यक्तिगत संदेशातून अवश्य कळवावे. मोबाइलवर, पंखा बंद करून केलेले ध्वनिमुद्रण चालेल.