'डेव्हिलरी'ला मराठीत काय म्हणावे?

पाटीपेन्सिल:
एका इंग्रजी कथेचा अनुवाद करीत आहे. तीत आजी म्हणते की नातवाच्या डोळ्यांत 'डेव्हिलरी' भरलेली आहे. मी 'सैतानीपणा' लिहिले, तेव्हा मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने समासात शेरा मारला, "याने कुणाचा खून केला आहे का?" पोराचा अपराध एवढाच की त्याने आजोबांच्या तपकिरीच्या डबीत मिरपूड भरली. कोशात दुष्टपणा आणि खोडकरपणा हे दोन्ही अर्थ शेजारी दिले आहेत. ते एका शब्दात कसे नांदतात? आणि 'डेव्हिल्ट्री' हा निराळा शब्द आहे का?

जुनी_रद्दी:
शब्द एकच, मधला 'ट' मुख्यतः अमेरिकेत आढळतो. 'डेव्हिल'चे मूळ ग्रीक 'दिआबोलोस' म्हणजे निंदक, चहाडखोर. थोडक्यात, सैतानाची सुरुवात चहाडीपासून झाली म्हणायची. इंग्रजीत आधी 'डेव्हिलरी' म्हणजे सैतानाची करणी, चेटूक, क्रौर्य. खट्याळपणाची छटा नंतर चढली. याच घराण्यातला फ्रेंच 'दियाब्लरी' पाहा. मध्ययुगीन फ्रान्समधील धार्मिक नाटकांत सैतानांच्या धिंगाण्याच्या प्रवेशांना हे नाव होते, आणि ते सैतान प्रेक्षकांना भिववीत तसे हसवीतही. दोन्ही अर्थ एका शब्दात कसे नांदतात, याचे उत्तर मला तिथे दिसते.

ओसरी:
मराठीतही असे घडले आहेच. मनुस्मृतीत 'व्रात्य' म्हणजे ठरलेल्या वयात उपनयन न झाल्यामुळे संस्कारभ्रष्ट ठरलेला. आज भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्या पोराला आई सहज व्रात्य म्हणते. तुमच्या वाक्याला मात्र 'द्वाडपणा' शोभेल. 'खोडकर' फार गोड आहे. 'खोडसाळ' वर्तमानपत्रांनी अफवांना इतके चिकटवले आहे की त्यात आता सरळ कुहेतूच दिसतो, तर 'आगळीक' म्हटले की २०२४पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडविधानातील मालमत्तेच्या नुकसानीचे कलम ४२५ आठवते. मी लिहीन: "मेल्याच्या डोळ्यांतच द्वाडपणा आहे." 'मेला' हीसुद्धा मुळात शिवीच, पण आजीच्या तोंडी तिचा लाड होतो.

पाटीपेन्सिल:
'मेल्याच्या' घेतलेच! अडचण एवढीच की पुढे गावातले दूध नासते तेव्हा पाद्री 'डेव्हिलरी' हाच शब्द एका म्हातारीवर फेकतो.

जुनी_रद्दी:
तिथे 'चेटूक'च हवे. मूळ शब्दाची पुनरुक्ती हातची जाईल, पण पाद्र्याच्या तोंडी 'द्वाडपणा' घातला तर म्हातारीवरचे संकट वाचकाला कळणारच नाही.